पूर्वनिवास

राज्यात चौथी आलेली मुलगी घरी बसलीय म्हटल्यावर लोक आधी हळहळतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "खरं सांग, भानगड काय झाली?" डॉ. स्वरूपा काशीदला वर्षभरात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी ती म्हणायला लागली, "तुम्हाला कळलं तर मलाही कळवा."

भानगड काही नव्हती. निदान तिला माहीत असलेली नव्हती. तिला हवी होती मेंदूच्या शस्त्रक्रियेची जागा. सहा वर्षांचं सलग शिक्षण, अख्ख्या राज्यात जागा अकरा आणि अर्ज दोन हजारांच्या वर. चौथा नंबर म्हणजे पूर्वीच्या काळी जागा खिशात, पेढे वाटून मोकळं व्हायचं. पण आता गुणांवर फक्त रांगेत उभं राहायला मिळायचं. पुढचं सगळं 'पूर्वनिवास' ठरवायचं.

हे पूर्वनिवास प्रकरण कळायला काही फार डोकं लागत नाही. काही वर्षांपूर्वी वरच्या लोकांच्या लक्षात आलं, की अशा जागांवर घेतलेल्या डॉक्टरांपैकी तिसरा हिस्सा मधेच सोडून जातो. कुणी थकतं, कुणी आजारी पडतं, कुणाच्या घरी काही होतं. मग जागाही वाया आणि शिकवणाऱ्यांची मेहनतही वाया. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की माणूस घेऊन बघण्यापेक्षा आधी चालवून बघू; निवासी डॉक्टर होण्याआधीचा निवास, म्हणून पूर्वनिवास. इंटर्नशिपच्या वर्षात डॉक्टरचं सगळं साठवलं जातंच. हातमोज्यांतले संवेदक त्याच्या बोटांची हालचाल टिपतात. त्याने लिहिलेला प्रत्येक कागद, त्याची झोप, त्याचं चिडणं, त्याच्या स्वतःच्या रक्ताच्या तपासण्या, सगळं संगणकात असतं. त्यातून त्याची एक प्रतिकृती बनवतात. ती त्याच्यासारखी बोलते आणि त्याच्यासारखीच चुकते. तिला आभासी इस्पितळात सोडायचं आणि सहा वर्षं राबवायचं. तेही एकदा नाही, हजार वेळा. दर वेळी रुग्ण वेगळे आणि नशीब वेगळं. बाहेर जेमतेम अकरा तास जातात, आणि आकडा येतो, की ही बाई हजारातून इतक्या वेळा टिकली.

मुलं तिला सावली म्हणायची. स्वरूपाच्या सावलीने पार माती खाल्ली होती. हजारातून अठ्ठ्याऐंशी.

दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला एक सवलत होती. जुनी सावली पुसून टाकण्याआधी तिला चाळीस मिनिटं भेटता यायचं. बहुतेक जण जायचे नाहीत. "मेल्या मढ्याचं तोंड कशाला बघायचं?" म्हणायचे. स्वरूपा मात्र तासगावहून सकाळची एसटी धरून पुण्याला आली. आपलं काय चुकलं हे कळल्याशिवाय ती दुसरा अर्ज भरणार नव्हती.

केंद्रावरच्या लोखंडे मॅडम पन्नाशीच्या, खादीची साडी, बोलायला मोकळ्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "एक ध्यानात ठेवा डॉक्टर. आत तुम्ही नाही आहात. हजार वेळा जे झालं त्याची ती बेरीज आहे. तिला सगळ्या वेळा आठवतात. तुम्हाला उगाच घाबरवायला ती काही बोलणार नाही, पण विचाराल तर लपवणारही नाही."

पडद्यावर स्वरूपाच बसली होती. दोन-तीन वर्षांनी थोराड, केस कापलेले.

"पाठपिशवी खाली ठेव," सावली म्हणाली. "मांडीवर घेऊन बसलीस की तुझ्या पायाला मुंग्या येतात."

स्वरूपाने निमूट पिशवी खाली ठेवली. आवाज तिचाच होता, पण तो बाहेरून ऐकायची तिला सवय नव्हती.

"का सोडलंस?" तिने विचारलं.

सावलीने टेबलाखालचा उजवा हात वर आणला आणि पालथा ठेवला. हात काहीच करत नव्हता, आणि तरी अंगठा तर्जनीवर घासत होता, एका लयीत, थांबायचं नाव न घेता. हे बोट काय सांगतं ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. कंपवात.

"कधी?"

"बहुतेक वेळा एकतिसाव्या महिन्यात. कधी विसाव्या. धमनीला चिमटा लावत होते. साहेब काही बोलले नाहीत गं, नुसता माझ्या हातातून चिमटा काढून घेतला." सावलीने डाव्या हाताने उजवा दाबून धरला. "ते ओरडले असते तर बरं झालं असतं."

"म्हणजे मला हे होणार?"

"मला झालं. तुझं तू तपासून घे."

उरलेली तीस मिनिटं स्वरूपा त्या हाताकडे बघत राहिली, आणि सावली तिच्याकडे.

सांगलीला तिच्या वर्गातला इम्रान मुल्ला पॅथॉलॉजी करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात. इम्रानने तिचा चेहरा बघितला आणि चहा सांगितला. पुढचं ऐकल्यावर चहा तसाच ठेवून त्याने तिचं रक्त काढलं.

ही तपासणी आता नवी राहिलेली नाही. मेंदूत एक प्रथिन असतं, त्याची घडी नीट बसलेली असते. कंपवातात ती घडी बिघडते, आणि बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवतं. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी त्याचा थोडासा अंश रक्तात उतरतो. नळीत चांगलं प्रथिन घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि वाट बघायची. घड्या बिघडायला लागल्या तर रोग आहे.

चार दिवसांनी इम्रानचा फोन आला. "अगं ए बावळट, तुझ्यात काहीच नाही. दोनदा लावली टेस्ट. नळी कशी स्वच्छ आहे."

"मग सावलीला कुठून आलं?"

"तेच बघत बसलोय. तुझ्या नावावर इंटर्नशिपमधला एक नमुना आहे, ऑगस्टमधला. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं पॅकेज. संशोधनासाठी त्यातूनच ही टेस्टही लावली होती त्यांनी. तिचा निकाल पेशंटला देत नाहीत, नुसता साठवतात. तो पॉझिटिव्ह आहे. स्वरूपा, रक्त कुणाचं होतं?"

आता ही गोष्ट मेडिकल कॉलेजाबाहेरच्या माणसाला सांगून पटायची नाही, आतल्याला सांगायची गरज नाही. इंटर्नच्या नावाने नमुना गेला की रांग नाही, पावती नाही, संध्याकाळी रिपोर्ट हातात. त्यामुळे कुणाच्या आत्याची साखर, कुणाच्या घरमालकाचं थायरॉइड, सगळं इंटर्नच्या नंबरावर. स्वरूपाच्या एका मैत्रिणीच्या नावावर तर प्रोस्टेटची तपासणी होती, आणि त्यावरून अख्खं हॉस्टेल आठवडाभर हसत होतं. त्या ऑगस्टमध्ये अण्णा, म्हणजे स्वरूपाचे वडील, म्हणाले होते, "हल्ली दम लागत न्हाई, पर अंग चालत न्हाई बघ." स्वरूपाने त्यांचं रक्त काढलं आणि नळीवर स्वतःचा नंबर चिकटवला. रिपोर्ट सगळा बरा आला होता. "काही झालेलं नाही तुम्हाला," असं तिनेच त्यांना सांगितलं होतं.

फोन हातात धरून ती उभी होती, आणि तिला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला? माझे हात शाबूत आहेत, मला जागा मिळेल, असा उकळी फुटल्यासारखा आनंद. अण्णा तिला त्यानंतर आठवले. मध्ये दोन-तीन सेकंदच गेले असतील, पण ते गेले.

तासगावात बाजाराच्या कोपऱ्यावर दिनकर काशीदांचं सलून होतं. दोन खुर्च्या, मागे एक खोली आणि मोरी. बायको गेल्यापासून अण्णा तिथेच राहायचे. स्वरूपा पोचली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत होते. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने धरलं होतं. किती महिने ती हे बघत होती आणि तिला वाटायचं, वयाने हात जड झाला असेल.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "वस्तरा कधीपासून बंद केलात?"

"दिवाळीपासनं." अण्णांनी खुर्ची झटकली. "एकाच्या कानाखाली लागलं. जरासंच. तो काय बोलला न्हाई, पर पुन्हा आला बी न्हाई."

"वास येतो का?" या रोगात हाताच्या आधी नाक जातं.

"कशाचा?"

"कशाचाही. साबणाचा, पावडरचा."

"तीन वर्सं झाली वास जाऊन. मला वाटलं, जल्मभर पावडरीतच राहिलो, नाक मेलं असंल." ते तिच्याकडे बघून थांबले. "काय झालंय, स्वरू? तोंड का असं केलंयस?"

तिने सगळं सांगितलं. नळीचं, नंबराचं, सावलीच्या हाताचं. अण्णांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे माझं दुखणं तुझ्या नावावर लागलं होय. आन् त्यापायी तुझं वरीस गेलं."

"अण्णा, वर्षाचं मरू दे. मी तेव्हा तुम्हाला बरे आहात म्हणून सांगितलं."

"औषध हाय का यावर?"

"बरं होत नाही. लांबवता येतं. रोज व्यायाम लागतो, वेळच्या वेळी गोळी लागते. कुणीतरी जवळ लागतं."

"मग लांबवू की. कागद आणलायस न्हवं? कुठं सही करायची?"

रक्त आपलं नव्हतं, वडिलांचं होतं, असं प्रतिज्ञापत्र तिने आणलं होतं. त्यावर त्यांची संमती हवी होती. पण तिने ते पिशवीतून काढलं नाही. "हे दिलं की माझ्या माहितीत नवी नोंद जाईल, घरी वडील एकटे, आजारी. मग सावली पुन्हा चालवतील. आणि ती सोडून येईल अण्णा. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वर्षी तुमच्यासाठी सोडून येईल, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणजे जागा तशीही जाणार."

अण्णा हसले. "मग तू सोडून येऊ नकोस."

"असं माझ्या हातात नसतं. ते आधीच बघतात."

"बघू देत. तू खरं काय ते लिही."

त्यांनी सही केली. 'दिनकर' मोठं आलं आणि 'काशीद' लिहीपर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. स्वरूपाने तोंड फिरवून डोळे पुसले. तिला मनापासून वाटत होतं, की आपण जागेवर पाणी सोडतोय. त्याचं तिला दुःख होतं, आणि थोडा अभिमानही होता. आपण तशा मुलींपैकी आहोत, ज्या बापासाठी सोडून येतात.

कार्यालयाने तिची चांगली खरडपट्टी काढली, लेखी ताकीद दिली आणि सावली नव्याने बांधली. जूनच्या नऊ तारखेला निकाल आला. मेंदूची शस्त्रक्रिया, पुणे, जागा मंजूर. हजारातून नऊशे बासष्ट.

तिने आकडा तीनदा वाचला. अण्णांनी तिकडे सलूनमध्ये पेढ्यांचा खोका उघडून ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खिलवत होते. ती मात्र रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पुन्हा केंद्रावर गेली.

"मिळाल्यावर कुणी भेटत नाही हो," लोखंडे मॅडम म्हणाल्या. "नियमात बसतं, पण कशाला?"

"मला एकच विचारायचंय."

ही सावली तेहतीस वर्षांची होती. सहा वर्षं पुरी करून बसलेली. ताठ, शांत, दोन्ही हात टेबलावर आणि दोन्ही अगदी स्थिर. ती हसली तेव्हा स्वरूपाला क्षणभर तिचा हेवा वाटला.

"अण्णा कसे आहेत?" स्वरूपाने विचारलं.

"कुठल्या वेळचे?"

"म्हणजे?"

"बहुतेक वेळा चौथ्या वर्षी गेले. पडले, मग न्यूमोनिया. काही वेळा पाचव्या. पंचवीस-तीस वेळा अजून आहेत, सांगलीच्या एका वृद्धाश्रमात."

"तू जवळ होतीस ना?"

सावलीने जरा विचार केला. आठवत नव्हतं म्हणून नाही, नेमका आकडा सांगायचा होता म्हणून. "अकरा वेळा."

"हजारातून अकरा?"

"मी जाणार असायचे. दर वेळी जाणार असायचे. मग काहीतरी यायचं. चांगली केस यायची." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "अण्णा कधी ये म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर गेले असते, असं मला वाटतं."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"पहिल्या वर्षी वाटायचं."

स्वरूपा ताडकन उठली. बाहेर येऊन तिने लोखंडे मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात आपटले. "खोटं आहे हे. मी अशी नाही. मी जागा सोडायला तयार होते, विचारा माझ्या वडिलांना!"

"बसा. पाणी घ्या." मॅडमनी पेला पुढे केला. "यंत्र भविष्य सांगत नाही, डॉक्टर. तुम्ही कशा आहात, ते सांगतं. आणि नोंदी तुमच्याच आहेत. इंटर्नशिपमध्ये वडिलांचे एकशे चार फोन तुम्ही वॉर्डमध्ये असताना आले. त्यातले सहा उचललेत. ड्यूटी संपल्यावर एकोणचाळीस दिवस स्वखुशीने ऑपरेशन थिएटरमध्ये थांबलात. विभागाला असंच माणूस हवं असतं. म्हणून तर जागा मिळाली."

"पण आता मला माहीत झालंय. आता मी तशी वागणार नाही."

लोखंडे मॅडमनी अवघडून टेबलावरचे कागद सारखे केले.

"काय? बोला ना."

"तुमचा भेटीचा अर्ज आला तेव्हा नियमाप्रमाणे पुन्हा चालवावं लागलं. ही भेट धरून. म्हणजे सावलीला हे सगळं कळलंय, तिने असंच टेबल आपटलंय, असं गृहीत धरून."

"मग?"

"नऊशे एकसष्ट."

स्वरूपा रुजू झाली. नाही झाली असती तर काय, हा विचार तिने केला, रात्रभर केला, आणि सकाळी आंघोळ करून रुजू झाली. पण तिने स्वतःला शब्द दिला, एकाआड एक रविवारी तासगाव, काय वाटेल ते होवो. अण्णांच्या भिंतीवर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लावल्या. व्यायाम शिकवणारी बाई ठरवली. जुलैत ती दोनदा गेली, ऑगस्टमध्ये दोनदा. दर वेळी परत येताना एसटीत तिला वाटायचं, बघा, जमतंय. ते नऊशे एकसष्ट गेले खड्ड्यात. उरलेल्या एकोणचाळीसांत मी आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला ती पिशवी पाठीला लावून वॉर्डच्या जिन्यापाशी आली, तेव्हा विभागप्रमुख बर्वे सर वर चढत होते.

"काशीद, चाललीस का कुठे?"

"गावाला, सर. वडिलांकडे."

"जा, जा." ते दोन पायऱ्या चढले आणि सहज वळले. "अकरा वर्षांची मुलगी आलीय. खोल गाठ आहे, अगदी मधोमध. अशी केस मला चार-पाच वर्षांत एखादी मिळते. कुलकर्णी आजारी आहे, दुसरा हात लागेल. पण मी बघतो कुणाला तरी."

"मी थांबते, सर."

शब्द बाहेर पडले तेव्हा तिने विचार केलाच नव्हता. कुणी तिला अडवलं नव्हतं, सरांनी आग्रहही केला नव्हता. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, आज नाही जमत. एक लहान मुलगी आहे हो."

"बरं," अण्णा म्हणाले. "पोरीला बघ आधी. हितं काय अडलंय?"

आवाज बारीक होता, सपाट, चढउतार नसलेला. फोन खराब आहे असं कुणालाही वाटलं असतं. स्वरूपाला तसं वाटलं नाही. घशाचे स्नायू ताठरायला लागले की आवाज असा खाली जातो, हे तिने याच आठवड्यात वाचलं होतं. पुढे गिळायला त्रास होतो. ठसके लागतात. एक दिवस घास श्वासनलिकेत जातो. तिने मनातल्या मनात टप्पा ठरवला, गोळीची मात्रा किती वाढवावी लागेल तेही ठरवलं.

"जेवताना ठसका लागतो का?" तिने विचारलं.

"कधी कधी. जा तू, तुला उशीर हुईल."

तिने फोन लॉकरमध्ये ठेवला, केस टोपीत बांधले आणि हात धुवायला उभी राहिली. बोटांपासून कोपरापर्यंत, पाच मिनिटं, घड्याळ लावून. आता वाईट वाटेल म्हणून ती वाट बघत होती. पाच मिनिटं झाली. आतून बर्वे सरांनी हाक मारली, आणि ती गेली.